कोकम तेल आणि मेणाचा घरगुती बाम: मे महिन्यात न सांडणारा, दाणे न धरणारा

घरी बाम करायचा म्हटलं की रेसिप्या ढिगाने सापडतात, दोन चमचे मेण, अर्धी वाटी खोबरेल, थोडं कोरफडीचं जेल, दोन थेंब गुलाबजल, झालं. पहिल्या दिवशी तो बाम छानच दिसतो. प्रश्न नंतरचा आहे, म्हणजे महिन्याभराने त्यात रव्यासारखे दाणे येतात, उन्हाळ्यात पर्समध्ये सांडतो, पावसाळ्यात वर पांढरी बुरशी धरते किंवा उघडला की जुन्या फरसाणासारखा वास येतो. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट टाळता येते आणि त्यासाठी कुठलं महागडं तेल लागत नाही, लागतं ते वजनाने मोजणं, सगळं कोरडं ठेवणं आणि नीट थंड करणं.

मी इथे कोकमाच्या तेलाचा बाम सांगतेय कारण कोकणात आणि गोव्यात टाचांच्या भेगांना, फुटलेल्या ओठांना हेच लावत आलेत, कुणी मुठेल म्हणतं कुणी भिरंडेल. गणपतीला गावी गेलात तर बाजारात फिकट रंगाचे लांबट गोळे मिळतील, नाहीतर शहरात आणि ऑनलाइन कोकम बटर नावाने रिफाइन्ड मिळतं. दोन्ही चालतात पण दोघांना वेगवेगळं वागवावं लागतं, ते पुढे येईलच.

आधी सामान

वजनकाटा घ्या, 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा, छोटा डिजिटल. हा नसेल तर पुढचं वाचून फारसा उपयोग नाही, खरंच सांगते. मेणाचा चमचा किसलेला आहे की वितळवलेला, दाबून भरलाय की सैल, यावर वजन कितीही बदलतं आणि बाममध्ये 3 ग्रॅम मेणाचा फरक म्हणजे मऊ आणि दगड इतका फरक पडतो.

थर्मामीटर स्वयंपाकाचा, पाकात वगैरे बुडवतात तो. ताप बघायचा नाही, तो 42 च्या पुढे जात नाही. भांडं स्टीलचं किंवा उष्णता सहन करणाऱ्या काचेचं. पितळेचं, तांब्याचं, लोखंडी कढई असलं काही नको कारण तांबं आणि लोखंड तेलाला लवकर खवट करतात, जेवणात त्याने फरक पडत नाही कारण आपण ते लगेच खातो, बाम सहा महिने बसायचा असतो. डब्या ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या, धुवून पूर्ण वाळवलेल्या, मग आतून स्पिरिट किंवा सॅनिटायझरचं अल्कोहोल पुसून पुन्हा वाळवलेल्या. उकळून घेतलेली डबी ओलसर वापरण्यापेक्षा न उकळलेली कोरडी बरी.

100 ग्रॅमचं माप

मधमाशीचं मेण 20 ग्रॅम
कोकम तेल 20 ग्रॅम
खोबरेल 25 ग्रॅम
तिळाचं तेल 24 ग्रॅम
एरंडेल 10 ग्रॅम
व्हिटॅमिन ई 0.5 ग्रॅम
सुगंधी तेल 0.5 ग्रॅम

आता हे असंच का ते समजून घ्या म्हणजे स्वतः बदल करता येतील. मेण 62 ते 65 अंशाला वितळतं, कोकम तेल 38 ते 42 ला आणि खोबरेल 24-25 ला, म्हणून तर पुण्यात डिसेंबरात खोबरेलाची बाटली गोठते आणि मेमध्ये पाणी असते. म्हणजे मे महिन्यात तुमच्या डबीतलं खोबरेल, तीळ, एरंडेल सगळं पातळच असतं, नागपूरसारख्या ठिकाणी पारा 45 ला गेला तर कोकम पण गेलंच, मग डबीतला बाम जागेवर कोण धरून ठेवतं तर एकटं मेण. मेण थंड होताना त्याच्या बारीक स्फटिकांची जाळी तयार होते आणि तेल त्या जाळीत अडकून राहतं. मेण कमी पडलं की जाळी विरळ होते आणि तेल बाहेर. कोकमाचं काम वेगळं, ते शरीराच्या उष्णतेला मऊ पडायला लागतं त्यामुळे बाम डबीत घट्ट पण बोटावर लोण्यासारखा होतो. नुसतं मेण आणि पातळ तेल घेतलंत तर बाम होतो पण ओढल्यासारखा लागतो.

एरंडेल चिकट आणि जाड, ओठांवर चमक देतं आणि पटकन पुसलं जात नाही. 10 च्या वर फार नेऊ नका, बोटाला चिकचिक होते.

तिळाचं तेलच का, तर इथे थोडं थांबूया कारण तेल निवडण्यात लोक सगळ्यात जास्त गडबडतात. तेल खवट होतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे, आणि किती लवकर होईल याचा अंदाज आयोडीन व्हॅल्यू नावाच्या आकड्यावरून येतो. आकडा जितका मोठा तितकं तेल नाजूक. खोबरेल 7 ते 10, कोकम 35 च्या आसपास, एरंडेल 85 च्या आसपास, तीळ 104 ते 116, सूर्यफूल 120 ते 140, आपली पारंपरिक करडई 140 च्या जवळ आणि जवस तर 170 च्या वर. म्हणजे जवसाचं तेल पोटात कितीही गुणाचं असलं तरी बाममध्ये घालायचं नाही, करडई आणि सूर्यफूलही नको. तीळ आकड्याने मधलं आहे पण त्याच्यात स्वतःचेच ऑक्सिडेशन रोखणारे घटक असतात म्हणून ते अपेक्षेपेक्षा जास्त टिकतं. भाजलेल्या तिळाचं नको, त्याचा वास सगळं खाऊन टाकतो. वास अजिबातच नको असेल तर बदाम तेल घ्या. शेंगदाणा तेल टाळा, एखाद्याला ॲलर्जी असते आणि बाम आपण मैत्रिणींना वाटत सुटतो.

मेण खरं आहे का बघा

मेणबत्तीचं मेण म्हणजे पॅराफिन, ते पेट्रोलियमचं आणि घरच्या तेलांना नीट धरत नाही, बामला घाम सुटतो. बाजारात मधमाशीचं म्हणून भेसळीचं पण मिळतं. खऱ्या मेणाला हलका मधाचा वास असतो, तुकडा मोडला तर मोडलेली कड दाणेदार दिसते, हातात मळत राहिलं की मऊ होऊन आकार घेतं. पॅराफिन गुळगुळीत, अर्धपारदर्शक, बोटाला तेलकट घसरडं. थर्मामीटर आहेच तर थोडं वितळवून बघा, 55 लाच पातळ झालं तर शंका घ्या. मधपाळाकडून थेट मिळालं तर उत्तम, महाबळेश्वरच्या बाजूला मधमाशीपालन जुनं आहे, तिथलं मांघर तर 2022 पासून मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. पण पोळ्याचं कच्चं मेण आणलंत तर ते पाण्यात वितळवून, फडक्याने गाळून, थंड झाल्यावर खालचा गाळ खरवडावा लागतो आणि नंतर पुन्हा एकदा कोरडं वितळवावं लागतं, कारण त्या चकतीच्या पोटात पाणी लपलेलं असतं.

मधमाशीचं नको असेल, जैन किंवा व्हीगन कुणासाठी करताय, तर कँडेलिला मेण मिळतं. ते जास्त कडक असतं म्हणून साधारण निम्मं, 10-11 ग्रॅमपासून सुरू करा आणि उरलेलं वजन तिळाने भरा.

पाणी, म्हणजे खरा शत्रू

नुसत्या तेल-मेणाच्या बामला प्रिझर्वेटिव्ह लागत नाही कारण बुरशी आणि जंतूंना वाढायला पाणी हवं आणि इथे ते नाहीच. पण हे फक्त पाणी खरंच नसेल तरच खरं. कोरफडीचं जेल, गुलाबजल, मध, बिटाचा रस, दूध, ताजी तुळस, लिंबाचा रस यातलं काहीही या बाममध्ये चालणार नाही, कितीही जोरात फेटलं तरी चालणार नाही, ते वेगळं होऊन तळाशी किंवा दाण्यादाण्यात बसतं आणि तिथूनच बुरशी सुरू होते. तेल आणि पाणी एकत्र धरायला इमल्सिफायर लागतो, मग प्रिझर्वेटिव्ह लागतं, आणि मग ते क्रीम झालं, बाम नाही. नवख्यांनी क्रीमच्या वाटेला आत्ता जाऊ नये असं माझं स्पष्ट मत.

लपलेलं पाणी मात्र ओळखायला शिका. गावचं कोकम तेल कसं काढतात, तर बिया वाळवून कुटतात, पाण्यात उकळतात, वर तरंगणारी चरबी काढून घेतात आणि हाताने गोळे वळतात. म्हणजे गोळ्यात थोडं पाणी आणि बियांचा भुगा असणारच. घरी नारळाचं दूध आटवून काढलेल्या खोबरेलाचंही तेच. तपासायला चमचाभर तेल गॅसवर धरा, चरचर वाजलं किंवा तडतडलं तर पाणी आहे. मग काय करायचं, तर सगळं वितळवून मलमलच्या कोरड्या फडक्यातून गाळा, भांड्यात रात्रभर गोठू द्या, सकाळी चकती उलटी करून खालचा ओलसर मळकट थर खरवडून टाका, पुसा, आणि मग स्टीलच्या भांड्यात अगदी मंद आचेवर 100-105 अंशापर्यंत नेऊन बुडबुडे थांबेपर्यंतच ठेवा, नजर हलवू नका. रिफाइन्ड कोकम बटर घेतलंत तर हा सगळा उद्योग वाचतो. वासही नसतो. पहिल्यांदा करणाऱ्यांनी तेच घ्यावं खरं तर.

रंग हवा असेल तर बीट नाही, रतनजोतीची मुळी (अल्कानेट). तिचा रंग तेलात विरघळतो आणि मस्त लालसर छटा देतो, तीळ तेलात चमचाभर मुळी मंद गरम करून गाळून घ्यायची. हळदीची पूड घालू नका, तळाशी बसते आणि ओठ पिवळे. तुळस, कडुनिंब असं काही मुरवायचं असेल तर पान बोटाने चुरून कुडकुडीत भुगा होईल इतकं सावलीत वाळवा, आणि बाममध्ये मुरवतात ते कॅलेंड्युलाचं फूल म्हणून दसऱ्याचा झेंडू वापरू नका, ती दोन वेगळी झाडं आहेत.

आता कृती

पातेल्यात तीन बोटं पाणी गरम करा, त्यात स्टीलचं दुसरं भांडं ठेवा, आच मंद. थेट गॅसवर मेण वितळवू नका, मेण पेट घेतं आणि पेटलंच तर त्यावर पाणी अजिबात टाकायचं नाही, गॅस बंद करून झाकण दाबायचं. पण बाकी वेळी वितळवताना भांड्यावर झाकण ठेवायचं नाही कारण वाफेचे थेंब झाकणावरून परत बाममध्येच पडतात.

आधी किसलेलं मेण आणि सोबत थोडं तीळ तेल, असं घातलं की मेण लवकर वितळतं. पूर्ण पातळ झालं की कोकम तेल, मग खोबरेल, उरलेलं तीळ आणि एरंडेल. थंड तेल एकदम ओतलं की मेण गुठळ्या होऊन पांढरं पडतं, घाबरायचं नाही, ढवळत राहा, परत वितळेल. सगळं एकजीव पारदर्शक झालं की 70 ते 75 अंशावर 15-20 मिनिटं तसंच ठेवा. ही पायरी लोक गाळतात आणि नंतर दाणे आले म्हणून रडतात. कोकमात स्टिअरिक ॲसिड या कडक गोठणाऱ्या घटकाचा वाटा मोठा असतो आणि त्याचे स्फटिक दिसायला वितळले तरी त्यांचे न दिसणारे बारीक कण मागे राहतात, थंड होताना त्याच कणांभोवती मोठे दाणे वाढतात. वेळ देऊन ते पूर्ण विरघळवायचे.

याच वेळात चाचणी. एक थंड स्टीलची ताटली घ्या, त्यावर चार थेंब टाका, पाच मिनिटं फ्रीजमध्ये, मग दहा मिनिटं बाहेर, आणि बोटाने दाबून लावून बघा. फ्रीजमधून काढल्या काढल्या बघू नका, सगळंच कडक लागतं. फार कडक वाटलं तर 3 ग्रॅम तीळ तेल वाढवा, मऊ वाटलं तर 2 ग्रॅम मेण, पुन्हा वितळवून पुन्हा चाचणी, आणि काय बदललं ते वहीत तिथल्या तिथे लिहा. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यासाठी मेण 23 ते 25 पर्यंत न्या, फक्त ओठांसाठी हवा असेल तर 18, आणि थंड देशात राहणाऱ्यांनी 15-16 पासून सुरू करा नाहीतर जानेवारीत नखाने खरवडावा लागेल.

मग भांडं पाण्यातून बाहेर काढा आणि लगेच त्याचा तळ आणि बाजू पुसा. ओतताना बाहेरचे पाण्याचे थेंब थेट डबीत जातात, हे कुणी सांगतच नाही. 65 अंशाच्या आसपास आलं की व्हिटॅमिन ई आणि सुगंधी तेल घालून ढवळा आणि न थांबता ओता, फार वेळ घालवला तर कडेला घट्ट व्हायला लागतं.

व्हिटॅमिन ई बद्दल एक गोष्ट. मेडिकलमधल्या त्या हिरव्या कॅप्सूल फोडून घालायची पद्धत आहे पण त्यातलं व्हिटॅमिन ई बहुतेक वेळा ॲसिटेट रूपातलं असतं, ते बाटलीतल्या तेलाला खवट होण्यापासून वाचवत नाही. पाकिटावर नुसतं टोकोफेरॉल किंवा मिक्स्ड टोकोफेरॉल लिहिलेलं घ्या, टोकोफेरिल ॲसिटेट नको. आणि हे प्रिझर्वेटिव्ह नाही, खवटपणा लांबवतं, बुरशीला काही करत नाही.

सुगंधी तेल अर्ध्या टक्क्याच्या वर नको, ओठांसाठी तर त्याहून कमी किंवा नकोच. दालचिनी, लवंग ओठांना जाळतात, लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. कापूर, मेंथॉल, निलगिरी लहान मुलांसाठीच्या बाममध्ये अजिबात नाही.

थंड करणं

डब्या भरल्या की पाच-सात मिनिटं हलवू नका. वर साय धरायला लागली की फ्रीजमध्ये 20 ते 30 मिनिटं, फ्रीझरमध्ये नाही, तिथे वर तडे जातात. लवकर थंड झालं की स्फटिक बारीक राहतात आणि बाम गुळगुळीत, ओट्यावर रात्रभर हळूहळू थंड होऊ दिलं की कोकमाचा कडक भाग आधी गोठून बाजूला पडतो. पावसाळ्यात फ्रीजमधून उघडी डबी बाहेर काढली की दमट हवेचे थेंब बामवर जमतात, म्हणून फ्रीजमध्येच झाकण लावा आणि मग बाहेर काढून तासभर तशीच बंद ठेवा. मध्ये खड्डा पडला तर हेअर ड्रायरने वरचा थर हलकेच वितळवा, भरून येतो.

टिकेल की नाही ते तपासणं

एक डबी चाचणीसाठी बाजूला काढा. थर्माकोलच्या खोक्यात किंवा चपात्यांच्या कॅसरोलमध्ये गरम पाण्याची बंद बाटली आणि डबी ठेवून थर्मामीटर लावा, 45 च्या आसपास तीन-चार तास. बाम मऊ होईल, तो व्हायलाच हवा, पण डबी तिरकी केली तर वाहायला नको आणि वर तेलाचं तळं दिसायला नको. मग तीच डबी एक रात्र फ्रीज, एक दिवस बाहेर असं चार-पाच वेळा फिरवा आणि बोटावर चोळून दाणा लागतो का बघा. दुसरी एक खिडकीत उजेडात आणि एक कपाटात ठेवून महिन्याने वास घ्या, तेल नाजूक निवडलं असेल तर खिडकीतली आधी बोलेल.

दाणे आले तर फेकू नका, पुन्हा वितळवा, पुन्हा 75 वर वीस मिनिटं, पुन्हा झटपट थंड, सुगंध उडालेला असतो तो थोडासा परत घाला. वर तेलाचा घाम आला तर मेण कमी आहे किंवा मेणात पॅराफिन आहे. खवट वास आला तर मात्र काही उपाय नाही, टाकून द्या, सुगंधाने झाकू नका. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी पूर्ण डबी कचऱ्यात, वरचा थर काढून वापरणं बंद करा.

लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून दोन दिवस बघा. टाचांना लावायचा तर पाय धुवून, टिपून, थोडे ओलसर असतानाच लावा, कारण बाममध्ये स्वतःचं पाणी नाही, तो असलेला ओलावा आत कोंडून ठेवतो, कोरड्याठाक टाचेवर चोळलात तर निम्माच उपयोग. बोट नेहमी कोरडं. डबीवर तारीख लिहा, मी सहा महिन्यांचा हिशोब धरते.

आणि बचत गटातून वगैरे विकायचा विचार असेल तर आधी परवान्याचं बघा. सौंदर्यप्रसाधन बनवून विकायला 1940 चा औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायदा आणि 2020 चे नियम लागू होतात, घरी केलेलं आहे म्हणून सूट नाही, महाराष्ट्रात एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) चौकशी करा. डबीवर दुखणं थांबवतो, एक्झिमा बरा करतो असं लिहिलंत तर ते औषधात जातं आणि प्रकरण आणखी वाढतं.

भांडं गरम असतानाच जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्या आणि मगच साबण लावा. मेण बेसिनमध्ये ओतलंत तर पाईपात जाऊन गोठेल आणि प्लंबर बोलवावा लागेल.